मान वाकडी असू दे

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

ग्रुप फोटोच्या वेळी ‘ए, मान सरळ कर’ म्हणून कुणीतरी ओरडलं आणि तू पुढच्या फोटोंना गेलाच नाहीस, असं तू लिहिलंस. मला चौथीचा वर्ग आठवला. बाई हनुवटी धरून माझं तोंड फळ्याकडे सरळ करायच्या आणि त्याच क्षणी फळ्यावरची अक्षरं विरघळायची. त्यांना वाटायचं, पोराला खोड आहे.

ती खोड नव्हे. तुला-मला निस्टॅग्मस आहे, म्हणजे आपली बुबुळं आपोआप सतत हलतात, पण आपल्यातल्या बहुतेकांची एक दिशा अशी असते की तिकडे पाहताना ती जवळजवळ शांत होतात. डॉक्टर तिला नल पॉइंट म्हणतात. माझे डोळे उजवीकडे वळले की स्थिरावतात, म्हणून तोंड आपोआप डावीकडे फिरतं. हे मला कळलं तिशीत! शाळेत कळलं असतं तर डाव्या भिंतीकडचा पहिला बाक मागून घेतला असता. तिथून फळा उजवीकडेच येतो. तुझी दिशा कुठली, ते या आठवड्यात शोध आणि कॉलेजात त्याप्रमाणे जागा पकड.

चष्म्याचा नंबर काढताना एक डोळा पूर्ण झाकला की आपल्यातल्या अनेकांची थरथर वाढते आणि दिसतं त्याहून कमी भरतं. दोन्ही डोळे उघडे ठेवूनही तपासा, असं स्पष्ट सांग. घाई, दडपण, जागरण यांनीही डोळे जास्त हलतात, त्यामुळे परीक्षेत अक्षरं दगा देतात ते अभ्यास कमी पडला म्हणून नव्हे. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ च्या खाली असेल (६/१८ म्हणजे इतरांना अठरा मीटरवरून दिसतं ते आपल्याला सहा मीटरवरून) तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या अल्पदृष्टीसाठी तपासणी करून घे. प्रमाणपत्र ४० टक्क्यांचं किंवा जास्त निघालं तर लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ मागता येतो. तो घ्यायला लाजू नकोस. मी लाजलो, आणि बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला त्याची किंमत मोजली.

डोळ्यांच्या स्नायूंच्या ऑपरेशनचं विचारलंस. त्याने मान बऱ्याच अंशी सरळ होऊ शकते, नजरेला थोडा फायदाही होऊ शकतो. थरथर मुळापासून जात नाही. ‘कायमचा इलाज’ म्हणून पैसे मागणाऱ्याकडे फिरकू नकोस.

आता मुख्य सांगायचं ते. बेचाळीस वर्षांचा होईपर्यंत मी माझ्यासारखा दुसरा माणूस पाहिला नव्हता. अल्पदृष्टीच्या एका शिबिरात चहाच्या टेबलाशी समोर एक बाई बसल्या होत्या. त्यांची मान उजवीकडे, माझी डावीकडे. बोलता बोलता त्यांची बुबुळं घड्याळाच्या लंबकासारखी हलताना दिसली आणि मी बघतच राहिलो, अगदी लोक माझ्याकडे बघतात तसा. आरशात मला माझे डोळे हलताना कधी दिसलेच नव्हते. त्या म्हणाल्या, “तुम्हालाही विचारतात ना, सगळं जग हलताना दिसतं का म्हणून?” जन्मापासून असलं की मेंदू सवय करून घेतो, जग स्थिरच दिसतं, हे दोघांनी हजार वेळा समजावलं होतं. त्या दिवशी कुणालाच काही समजवावं लागलं नाही. तासभर आम्ही फक्त एसटीचे बोर्ड आणि ओळख न दिल्याने रुसलेले नातेवाईक यांच्यावर हसत होतो.

ब्रिटनमध्ये अशा लोकांची निस्टॅग्मस नेटवर्क ही संस्था १९८४ पासून आहे. २० जून हा जागृती दिवसही पाळला जातो. आपला गट चौदा जणांचा. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भेटतो, भाषणं नसतात, मिसळ असते.

येत्या रविवारी ये. स्वारगेटला उतरलास की चौकशीच्या खिडकीपाशी थांब आणि फोन कर. लांबून मी तुला ओळखणार नाही, तूही मला नाही. मी लाल टोपी घालून येईन. तूही काहीतरी भडक घाल.

तुझा,
काका