पाळी थांबल्यावर तपासणी कशाला?

प्रश्न : माझे वय 52 आहे. चार वर्षांपूर्वी पाळी थांबली आणि यजमानांना जाऊन सहा वर्षे झाली. मानेवाडा भागात मी घरोघरी स्वयंपाकाची कामे करते. आमच्या आशाताई पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी करून घ्या म्हणतात. मला काहीही त्रास नाही, आणि जाऊबाई म्हणतात की नवरा नसताना या तपासणीला गेलीस तर लोक नाही नाही ते बोलतील. खरेच गरज आहे का?
– एक भगिनी, नागपूर

उत्तर : ताई, गरज आहे. ही तपासणी त्रास नसलेल्या स्त्रियांसाठीच असते, कारण अंगावरून रक्त किंवा दुर्गंधीयुक्त पाणी जाऊ लागेपर्यंत आजार पुष्कळदा पुढे गेलेला असतो.

जाऊबाईंच्या शंकेचे उत्तर सविस्तर देते, कारण तिच्यापायी अनेक विधवा भगिनी तपासणीपासून दूर राहतात. हा कर्करोग ज्या एचपीव्ही विषाणूमुळे होतो, तो शरीरसंबंधातून पसरतो हे खरे. परंतु तो इतका सर्रास आढळतो की बहुतेक संसारी स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा त्याची लागण होतेच. बहुतेकींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींच्या गर्भाशयमुखात, म्हणजे पिशवीच्या तोंडात, मात्र तो ठाण मांडतो आणि तेथील पेशी बदलत जाऊन कर्करोग होण्यास 15 ते 20 वर्षेही लागतात. म्हणजे संसाराच्या सुरुवातीच्या काळातली लागण आज, यजमानांच्या पश्चात, डोके वर काढू शकते. यात कोणाच्या वागणुकीचा संबंध नाही. सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी करावी असे ठरलेले आहे आणि त्यात सवाष्ण-विधवा असा भेद केलेला नाही.

आरोग्य केंद्रात बहुधा व्हीआयए नावाची चाचणी करतात. त्यात अॅसेटिक आम्लाचे सौम्य द्रावण कापसाच्या बोळ्याने गर्भाशयमुखाला लावून मिनिटभर थांबतात आणि बदललेल्या पेशींची जागा पांढरी पडते का, हे पाहतात. पाळी थांबल्यावर पेशी जिथे बदलतात ती जागा आत सरकते व नीट दिसत नाही, म्हणून आपण पॅप स्मीअर (गर्भाशयमुखावरच्या पेशींचा नमुना घेऊन तपासणे) किंवा एचपीव्ही चाचणीबद्दल (नमुन्यात हा विषाणू आहे का, हे पाहणे) विचारावे. आपल्याच उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास झाला होता. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांमागे दोघींचीही कधी तपासणी झालेली नव्हती, याचे मला फार वाईट वाटते.

नागपुरातील मेडिकल, मेयो किंवा डागा या सरकारी रुग्णालयांपैकी सोयीच्या ठिकाणी स्त्रीरोग विभागात चौकशी करा. स्त्री डॉक्टर हव्यात, असे निःसंकोच सांगा. नमुना घेण्यास दोन-तीन मिनिटे लागतात. थोडे अवघडल्यासारखे होते, पण भूल लागत नाही आणि त्याच दिवशी कामावर जाता येते. आधीचे दोन दिवस योनिमार्गात कोणतेही औषध ठेवू नका. पाळी थांबल्यानंतर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी मात्र शिबिराची वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे जा.

अहवालात दोष निघाला म्हणजे कर्करोगच झाला, असे नाही. दुर्बिणीतून पुन्हा पाहतात आणि बदललेला भाग बहुधा दवाखान्यातच, पिशवी न काढता, नष्ट करता येतो. पण त्यासाठी अहवाल हाती यायला हवा. नमुना देऊन गेलेल्या कित्येक जणी दिवसाची मजुरी बुडेल म्हणून परत येतच नाहीत, तेव्हा अहवाल कधी मिळेल हे त्याच दिवशी विचारून घ्या आणि तो आणण्यासाठी एक सकाळ आताच राखून ठेवा.