बाईंना येत नाही, हे मुलांना कळलं तर?

मी समुपदेशक. शाळा सुरू झाल्या की जून-जुलैत माझ्याकडे शिक्षकांची ये-जा वाढते. कुणी सांगली-मिरजेतले, कुणी तासगाव-जतकडचे. प्राथमिकचे गुरुजी असोत की हायस्कूलच्या बाई, गाऱ्हाणं थोड्याफार फरकानं तेच: ‘मुलांना जे येतं ते मला येत नाही. वर्गात हसं होतं.’ २०२० च्या लॉकडाउनमध्ये मोबाइलवरून शिकवायची वेळ आली तेव्हा सगळेच चाचपडत होते, म्हणून निभावलं. आता भिंतीवर डिजिटल बोर्ड आहे, पुस्तकात क्यूआर कोड आहेत, दीक्षा अ‍ॅपवर धडे आहेत. ‘मला जमत नाही’ म्हणायची सोय उरलेली नाही.

एका बाईंची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. वय बावन्न, विषय भूगोल. फळ्यावर न बघता महाराष्ट्राचा नकाशा काढणाऱ्या. मी डॉक्टर नाही हे सांगूनही मला ‘डॉक्टर’च म्हणायच्या.

“मला काय हे जमायचं नाही बघा, डॉक्टर. अजून सहा वर्षं काढायचीत. राजीनामाच द्यावा म्हणते.”

झालं होतं एवढंच, की नववीच्या वर्गात त्यांनी बोर्ड सुरू केला आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’ आलं. त्या बटणं दाबत राहिल्या. मागून एक पोरगं ओरडलं, “बाई, सोर्स बदला की!” वर्ग हसला. तेव्हापासून बोर्डावर कापड टाकलेलं, आणि तासाच्या आधी छातीत धडधड.

पहिल्या भेटींमध्ये त्या बोर्डावर, शासनावर आणि माहिती भरायच्या पोर्टलवर बोलत राहिल्या. मी बोलू दिलं. यू-डायस या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती भरणं आणि शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याचा वैताग रास्त असतो, पण तो दुसऱ्यावर निघतो. तुमचंही असं होत असेल तर आधी हे दोन हिशेब वेगळे करा.

मग एका दिवशी मी विचारलं, “मुलं हसली. पुढं?”

“पुढं काय? लाज वाटली.”

“कशाची?”

“बाईंना येत नाही हे त्यांना कळलं.”

“कळलं. मग?”

त्या जरा थांबल्या. “मग ती माझं ऐकतील का?”

इतक्या दिवसांची धडधड या एका प्रश्नात होती. उत्तर मी दिलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा तेच घोळवलं असतं. म्हणून विचारलं, “त्या दिवशी तास तिथंच संपला का?”

“छे हो. खडू घेतला, कोयना काढली.”

“ऐकलं का मुलांनी?”

“ऐकलं की. त्या सोर्सवाल्यानंच विचारलं, दक्षिणेकडं वाहणारी कोयना हेळवाकला एकदम पूर्वेला का वळते...” बोलता बोलता बाई गप्प झाल्या. मग हसल्या. “म्हणजे हसला तोच, आणि प्रश्न विचारला तोही त्यानंच.”

मला इथं अजिबात घाई करायची नव्हती. ज्या वर्गानं आपला मान घालवला असं त्या धरून बसल्या होत्या, त्याच वर्गानं दहा मिनिटांत तो पाळल्याचा पुरावा त्यांच्याच आठवणीत होता. मी विवेकनिष्ठ पद्धतीनं काम करतो. घटना माणसाला जेवढी छळत नाही तेवढा तिचा आपण लावलेला अर्थ छळतो, असं ही पद्धत मानते. तो अर्थ समुपदेशकानं खोडायचा नसतो. तो ज्याचा त्याला खोडता यावा असे प्रश्न विचारणं, हे आमचं खरं कसब.

पण नुसतं पटून भागत नाही. या पद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला भयंकर घाबरायचे. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ठरवून न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभरात शंभर जणींशी स्वतःहून बोलायचा नेम केला. भेटीला हो म्हणाली फक्त एक, आणि ती आलीच नाही! पण भीती गेली. बाईंनाही मी तसाच गृहपाठ दिला: वर्गासमोर म्हणायचं, “मला हे येत नाही, तू सांग.”

त्यात एक अट होती. सांगणाऱ्यानं हात लावायचा नाही. घरी मुलगा, भाचा, सून सगळे मदतीला तत्पर असतात. ‘दे इकडं’ म्हणून मोबाइल घेतात, चार टिचक्या मारतात, ‘झालं बघ’. काम होतं, शिकणं राहतं. सांगणाऱ्याचे हात पाठीमागं, बोट आपलं. वेळ लागला तरी चालेल.

आणि ते आपल्या भाषेत लिहून ठेवायचं. बाईंच्या वहीत होतं: ‘मागची जाड वायर नीट आत. रिमोटवर बाणाचा चौकोन. यादीत एचडीएमआय दोन, एक नाही!’ कुठल्याही प्रशिक्षणाच्या पुस्तिकेपेक्षा हे कामाचं.

आणखी एक सांगतो. प्रशिक्षणात एका दुपारी दहा अ‍ॅप दाखवतात, संध्याकाळपर्यंत एकही लक्षात राहत नाही. आपल्या आवडीचा एक धडा धरा आणि त्याला लागेल तेवढंच एक साधन शिका. बाईंनी ‘गुगल अर्थ’ हा उपग्रहचित्रांचा नकाशा घेतला. महाबळेश्वरला उगम पावलेल्या कृष्णा आणि कोयना कराडला प्रीतिसंगमावर समोरासमोर येऊन भिडतात, ते त्यांनी वरून दाखवलं. मग हरिपूरला येऊन मिळणारी वारणा. २०१९ च्या महापुरात ज्यांच्या घरात पाणी आलं होतं, त्या पोरांनी आपापली गल्ली शोधून काढली आणि तास घंटेच्याही पुढं गेला.

नदीच्या खोऱ्याचा छेद मात्र त्या अजून खडूनंच काढतात. “एकेक रेघ उमटताना मुलांना दिसली पाहिजे,” म्हणतात. मला ते पटतं. यंत्र बाजूला ठेवणारा प्रत्येक शिक्षक घाबरलेलाच असतो असं समजू नका. ते वापरता येत असून बाजूला ठेवलं, तर तो निर्णय. मात्र धडधड, झोप उडणं बरेच दिवस टिकलं तर रक्तदाब एकदा जरूर तपासून घ्या, सगळं मनावर ढकलू नका.

बाई हल्ली येत नाहीत, फोन येतो. परवा तक्रार होती: दुपारच्या तासाला पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट बोर्डावर येतं, काही दिसत नाही. खिडकीच्या पडद्यासाठी त्यांनी मुख्याध्यापकांना दोनदा अर्ज दिलाय.

“तुम्ही काही सांगून बघता का?” म्हणाल्या.

म्हटलं, “बाई, ते माझ्या हातात नाही. तिसरा अर्ज करा.”