प्रतोदांच्या ऑफिसात रुजू होतेयस म्हणून

अगं, लोकसभेत मुख्य प्रतोदांच्या, म्हणजे पक्षाच्या खासदारांना मतदानाला जमवणाऱ्या नेत्याच्या, ऑफिसात काम मिळालं, मस्तच! पण "आता खासदारांना व्हिपचा धाक दाखवायचा" असं जे लिहिलंयस ना ते आधी डोक्यातून काढ, तो कागद, म्हणजे मतदानाबद्दल पक्षाने दिलेला लेखी आदेश, सगळ्यात शेवटी निघतो.

तुला व्हिपच्या मजकुराखाली मारतात त्या रेघांचं माहीत असेलच. एक रेघ म्हणजे मतदान आहे एवढं कळवणं, दोन म्हणजे हजर राहा, आणि तीन म्हणजे या आणि पक्ष सांगेल तसंच मत द्या. पक्षाचा आदेश मोडला किंवा न विचारता मतदानाला दांडी मारली तर राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली (पक्षांतरबंदी कायदा) खासदारकी जाऊ शकते, पक्षाने 15 दिवसांत माफ केलं तर वाचते. सुप्रीम कोर्टाने 1992 च्या किहोटो होलोहान निकालात म्हटलं होतं की अशी सक्ती विश्वास-अविश्वास ठराव नाहीतर पक्षाने ज्यावर मतं मागितली त्या मुख्य धोरण-कार्यक्रमाच्या विषयापुरतीच असावी, पण ऐकतंय कोण, ऊठसूट तीन रेघा मारतात. मला हे अजिबात पटत नाही, रोजच धाक दाखवला की त्याला कुणी विचारत नाही.

खरं काम मतदानाच्या आधी आठवडाभर चालतं. कोण आजारी आहे, कोणाच्या घरी लग्न आहे, कोण विधेयकावर मनातून नाराज आहे आणि कोण नुसतं मंत्र्याने फोन उचलला नाही म्हणून फुगलंय, हे सगळं तुझ्या यादीत पाहिजे. मतविभागणीची (मतं मोजून घ्यायची) घंटा वाजली की साडेतीन मिनिटं मिळतात, मग लॉबीचे दरवाजे बंद, तेवढ्यात तू संसदेच्या आवारातून एखाद्याला पळवत आणशील पण विमानतळावरून नाही आणू शकत. आणि एका मताने काय होतं असं वाटलं तर 17 एप्रिल 1999 आठव, वाजपेयी सरकार 269 विरुद्ध 270 ने पडलं.

व्हिप दिला की पोच घेच, सहीनिशी, तारीख-वेळेसकट. पुढे अपात्रतेची याचिका झाली की "मला मिळालाच नाही" हे पहिलं उत्तर येतं.

आणि कुणी खासगीत कुरकुर केली तर ती थेट प्रतोदांच्या कानावर घाल, ग्रुपवर टाकू नकोस. एकदा का खासदारांना वाटलं की तुझ्याकडे बोललेलं बाहेर जातं, की ते "येतो येतो" म्हणत राहतील आणि फोन बंद करून बसतील.