‘पोरांना सांग, पप्पा मेला’

प्रश्न : आमचे मालक हिंडलग्याच्या जेलमध्ये कच्चे कैदी आहेत. थोरला पाचवीत, धाकटी पहिलीत. पप्पा गोव्याला कामाला गेलेत असं पोरांना सांगितलंय. आधी मुलाखतीला गेलं की पोरांचं सगळं विचारायचे. आता मान खाली घालून बसतात. जेवण जात नाही म्हणतात. गेल्या खेपेला म्हणाले, “पोरांना सांग, पप्पा मेला.” काय करू?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : ताई, ते शेवटचं वाक्य वैतागाचं समजून सोडू नका. पुढच्या भेटीची वाटही बघू नका. जेल अधीक्षकांना अर्ज द्या. ते वाक्य जसंच्या तसं लिहा, जेवण तुटल्याचं लिहा, पोच घ्या. जेल कर्नाटकात आहे, म्हणून अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या. भाषेचं भांडण आपण बाहेर करतोच आहोत, या कागदाला ते परवडणार नाही. मानसिक उपचार मिळण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने कैद्यालाही आहे. जेलच्या डॉक्टरांना त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवता येतं. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आजारांवर उपचार करणारी सरकारी संस्था आहे.

भेटीत सरळ विचारा, “जीव द्यायचं मनात येतंय का?” विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. ‘हो’ म्हणाले, तर गेटबाहेर पडायच्या आधी अधिकाऱ्यांच्या कानावर घाला.

आता पोरांचं. त्यांना पोरं नकोशी झालीत असं मला वाटत नाही. पोरांनी आपल्याला त्या जागी बघू नये, ही लाज आहे. शिवाय बाप म्हणून करायला हातात काही उरलेलं नाही. ते तुम्ही द्या. “कसे आहात” एवढ्यावर भेट संपवू नका. यंदा भाताचा तरवा कुठल्या वाफ्यात टाकायचा, थोरल्याला कुठल्या हायस्कुलात घालायचं, हे त्यांना ठरवू द्या आणि तसंच करा. थोरल्याचं अडलेलं गणित पत्रातून पाठवा. उत्तर चुकलं तरी चालेल!

गोव्याची गोष्ट मात्र टिकणार नाही. गोव्याला गेलेला माणूस गणपतीला घरी येतो, हे पाचवीतल्या पोराला कळतं. गावात कुणीतरी त्याला सांगून मोकळंही झालं असेल. तुम्हीच सांगा : “पप्पांवर केस आहे. कोर्टाचा निकाल होईपर्यंत त्यांना तिथं राहावं लागतंय. तुझ्यामुळं काही झालेलं नाही.” भेटीला ओढून नेऊ नका. आधी चिठ्ठी, चित्र. मग पोरं आणि पप्पा दोघंही तयार झाले तर भेट. व्हिडिओवरच्या ई-मुलाकातचंही जेलमध्ये विचारून ठेवा.

कच्च्या कैद्याला सुटकेचा दिवस मोजता येत नाही, तेही आतून खातं. वकिलाकडून पुढची तारीख काढून त्यांना सांगा. वकील नसेल तर १५१०० या सरकारी कायदेशीर मदतीच्या नंबरवर फोन करा. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, कमाई विचारत नाहीत. पहिलाच गुन्हा असेल आणि त्याला फाशी-जन्मठेप नसेल, तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर जामिनाची तरतूद नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये आहे. दुसऱ्या केसेस चालू असतील तर अडचण येते, ते वकिलाला विचारा.

तुमच्या झोपेबद्दल तुम्ही अक्षरही लिहिलेलं नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत. तो फोन तुमच्यासाठी करा.