नवीन स्मार्टफोन घेतल्यावर 'जुनाच बरा होता' असं वाटलं का? कोणत्या मर्यादा घेतल्यानंतर लक्षात आल्या?

हो, वाटलं. फोन बिघडला, गरम झाला, हँग झाला असं काही नाही. चांगला चालतो, हे उत्तरही त्यावरच लिहितोय. दुखणं वेगळं आहे.

माझा जयसिंगपुरात छोटा छापखाना आहे. वडिलांच्या वेळी पायानं चालवायचं ट्रेडल मशीन आणि खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे होते, आता एक संगणक, एक मिनी ऑफसेट आणि स्क्रीन प्रिंटिंगची दोन टेबलं. बिलबुकं, हँडबिलं वर्षभर असतातच, पण वर्षाचं गणित जमतं ते तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणाऱ्या लग्नपत्रिकांवर. आणि पत्रिकेचा मजकूर, ज्याला आम्ही मॅटर म्हणतो, तो आमच्या भागातली निम्मी माणसं फोनवरच सांगतात. 'घ्या लिहून' म्हणायचं आणि सुरू. शिरोळ तालुक्यातला शेतकरी माणूस उसाच्या फडात उभा राहून आजोबा, पणजोबा, चार मामा, दोन आत्या आणि 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली अशी पंचवीस नावं एका दमात सांगतो. मागे ट्रॅक्टर चालू असतो.

जुना फोन मी २०१८ मध्ये घेतला होता. त्यात कॉल सुरू झाला की आपोआप रेकॉर्ड व्हायचा. मी ते मुद्दाम शोधून घेतलं नव्हतं, सेटिंगमध्ये सापडलं आणि चालू केलं. रात्री दुकान बंद केल्यावर निवांत ऐकत मॅटर टाइप करायचं, अडलं की मागे जाऊन पुन्हा ऐकायचं. पाच वर्षांत नावं चुकण्याचं प्रमाण फार कमी झालं. आणि चुकलंच तर कोणाचं चुकलं ते ठरवता यायचं.

एक प्रसंग सांगतो. चारशे पत्रिका छापून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी पार्टी पाच माणसं घेऊन दुकानात. नवऱ्या मुलाच्या आत्याच्या यजमानांच्या नावामागे 'कै.' पडलं होतं. ते गृहस्थ स्वतः पाचांमध्ये होते, धडधाकट, मिशीला पीळ देऊन. 'मालक, मला जित्तेपणी वर धाडलंसा की ओ!' मी काही बोललो नाही. रेकॉर्डिंग काढलं आणि टेबलावर ठेवून लावलं. आवाज स्वच्छ होता: 'आता खाली, कै. म्हणा, आणि पुढं...' मॅटर सांगणाऱ्यानं कागदावरून वाचताना वरच्या ओळीतलं कै. खालच्या नावाला जोडलं होतं. दोन मिनिटं कोणीच बोललं नाही. मग मिशीवाले स्वतःच हसले. नव्या छपाईचा खर्च निम्मा-निम्मा करून प्रकरण चहावर मिटलं.

तर असा तो फोन. २०२३ च्या दिवाळी पाडव्याला त्याची बॅटरी दुपारपर्यंतही टिकेना आणि काचेला कोपऱ्यापासून तडा गेलेला, म्हणून एकोणीस हजारांचा नवा घेतला. दुकानदारानं खोक्यावरची सगळी यादी वाचून दाखवली. १०८ मेगापिक्सेल, १६ जीबी रॅम, १२८ जीबी साठवण, ५जी, अर्ध्या-पाऊण तासात चार्ज. मी भारावलो. काय आहे ते सगळं त्या यादीत होतं. काय काढून टाकलंय त्याची यादी कोण कशाला छापेल? आणि मीही विचारलं नाही, कारण जे हातात होतं ते कधी जाऊ शकतं असं डोक्यातच आलं नव्हतं.

पहिला दणका दुसऱ्याच दिवशी. उदगावहून एका आजींचा फोन, नातवाची पत्रिका. मी सवयीनं रेकॉर्डचं बटण दाबलं आणि मध्येच एक बाई इंग्रजीत बोलली की हा कॉल आता रेकॉर्ड होतोय. मला ऐकू आलं तसं आजींनाही आलं.

'ती बाई कोण मधीच बोलली?'

म्हटलं, 'कोणी नाही आजी, फोनच बोलतोय.'

'फोन कसा बोलंल? ठेवते मी. पोरगा म्हणतोय बँकेचं आसलं काय आलं तर ठेवायचं.'

आणि ठेवला. खरं सांगायचं तर त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात हे रोज व्हायला लागलं. कोणी गप्प व्हायचं, कोणी 'हॅलो हॅलो' करत बसायचं, एका तरुणानं सरळ विचारलं, 'दादा, पोलीस केस झालीय काय तुमच्यावर?' सेटिंगमध्ये ती बाई बंद करायची सोय नव्हती. कंपनीनं फोन करण्यासाठी दिलेलं ॲपच तसं होतं. भाच्याला कामाला लावला. त्यानं रेकॉर्डिंगची दोन-तीन ॲप्स टाकून पाहिली. ११ मे २०२२ पासून प्ले स्टोअरच्या नियमानुसार अशा ॲप्सना अपंगांसाठीच्या सुविधेचा आडमार्ग वापरून समोरच्याचा आवाज पकडायला बंदी आहे, हे तेव्हा कळलं. जी ॲप्स उरलीत ती माइकमधून येईल तेवढंच घेतात. मी एक कॉल रेकॉर्ड करून रात्री ऐकला. अकरा मिनिटांच्या त्या कॉलमध्ये फक्त माझा आवाज: 'हं. पुढं. हं. दीर्घ का? बरं. हं.' त्या हुंकारांवरून पत्रिका जुळवायची म्हणजे ज्योतिषीच व्हायला हवं.

आता यातला जो भाग मला जास्त लागला, तो. कुरुंदवाडचे एक जुने गिऱ्हाईक आहेत, तीन मुलींच्या पत्रिका आमच्याकडेच झाल्या. चौथ्या कामाला त्यांचा फोन आला, बाई बोलली, आणि ते शांतपणे म्हणाले, 'ही आत्ता सांगाय लागली. म्हंजे आदी बी तुमी करत हुतासा, फक्त सांगत नव्हता. व्हय का?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाच वर्षं मी शेकडो माणसांचं बोलणं त्यांना न सांगता साठवत होतो. मॅटरबरोबर लोक बाकीचंही बोलतात हो. हुंड्याचं, भावकीतल्या भांडणाचं, कोणाचं नाव मुद्दाम गाळायचं आणि का गाळायचं त्याचं. ते सगळं माझ्याजवळ पडून होतं. माझ्या मनात काही पाप नव्हतं, पण विचारलंही नव्हतं. 'होय' म्हणालो. ते म्हणाले, 'बरं, घ्या लिहून,' आणि मॅटर सांगितलं. पण तेवढंच. एरवी पाऊस, उसाचा दर, सगळं निघायचं. त्या दिवशी काही निघालं नाही.

म्हणून या एका मर्यादेला मला आता मनापासून शिवी देता येत नाही. गैरसोय झाली हे खरं, आणि ती बाई बरोबर बोलत होती हेही खरं. दुकानात काउंटरवर मीच पाटी छापून लावली: 'फोनवरील मजकूर रेकॉर्ड केला जातो.' फोनवर बोलणाऱ्याला पाटी कशी दिसणार, असं बायकोनं विचारलं. तिचंही बरोबर आहे.

बाकीच्या गोष्टींबद्दल मात्र माझा राग कायम आहे.

एसडी कार्ड. जुन्या फोनात दोन सिम आणि कार्ड यांना तीन वेगळे खण होते. माझ्या ६४ जीबीच्या कार्डात दहा वर्षांचे नमुने होते. पार्टीच्या घरी गेलं की सोफ्यावर बसून एकेक दाखवायचो. नव्या फोनचा सिमचा ट्रे बाहेर काढला तर दोन सिमपुरतीच जागा. ट्रे उलटा करून पाहिला, फोनच्या चारी कडा पाहिल्या. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, 'आता कार्ड कोण वापरतंय? क्लाउडवर टाका.' जांभळी गावात कोणाच्या माजघरात रेंज एक काडी असताना क्लाउडवरून पत्रिकेचे नमुने उघडून दाखवायला त्यालाच न्यायला हवं होतं. आता सी-टाइपचा कार्ड रीडर घेऊन फिरतो. फोनला शेपूट लावल्यासारखं दिसतं.

आणि १२८ पैकी वीसेक जीबी फोनची यंत्रणा आणि आधीच भरून दिलेले खेळ-बाजाराचे ॲप्स घेऊन बसले होते. त्यात ती १६ जीबी रॅम, म्हणजे फोनची चालू कामापुरती स्मृती. खरी रॅम ८ जीबी. उरलेली ८ त्याच साठवणीतून उसनी घेतलेली, आणि साठवणीचा वेग रॅमपेक्षा कितीतरी कमी. एका कणगीतलं धान्य दुसरीत ओतायचं आणि म्हणायचं यंदा पीक दुप्पट. हे खोक्यावर बारीक अक्षरांत '८+८' असं लिहिलेलं होतं, नाकारत नाही. बारीक अक्षरं वाचणं हा माझा धंदा असून मी ते वाचलं नाही.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. १०८ मेगापिक्सेलचा फोटो नेहमीच्या मोडमध्ये १२ चाच येतो, शेजारचे नऊ-नऊ बिंदू एकत्र करून. पण यात मला फसल्यासारखं वाटलं नाही, कारण छपाईच्या हिशोबानं १२ पुष्कळ झाले. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके धरून, तेरा इंच बाय दहा इंच निघतं, पत्रिकेवरचा गणपती केवढासा असतो! तक्रार त्या २ मेगापिक्सेलच्या मॅक्रोबद्दल, म्हणजे अगदी जवळचे फोटो काढायच्या कॅमेऱ्याबद्दल आहे. फॉइल आणि एम्बॉसिंगचे (उठावाच्या छपाईचे) नमुने जवळून काढून पार्टीला पाठवावेत म्हणून मी हरखलो होतो. सोनेरी फॉइल त्यात हळद सांडल्यासारखी दिसते. तीन कॅमेरे म्हणायला एक भर, बाकी काही नाही.

आता रेडिओ. हे कोणाला किरकोळ वाटेल. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मी कुरुंदवाडला मावशीकडे अडकलो होतो. एका बाजूला कृष्णा, दुसऱ्या बाजूला पंचगंगा, दोन्हींचा संगम पलीकडे नृसिंहवाडीला. वीज गेली, मग रेंज गेली. माझ्या फोनात हेडफोनची जागा होती आणि एफएम होतं. हेडफोनची वायरच एरियलचं काम करते, त्यामुळे वायर खिडकीच्या गजाला गुंडाळून आम्ही कोल्हापूर आकाशवाणी लावायचो. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी किती फूट, हे ऐकायला गल्लीतली दहा माणसं जिन्यात उभी असायची. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे आमच्याकडच्या पोरांनाही पाठ असतात. त्या वर्षी ते कधीच मागे पडले होते, तरी आज उतरलं की चढलं एवढं कळायचं. गाठोडं बांधायचं की नाही ते त्यावर ठरायचं.

नव्या फोनात हेडफोनची गोल जागाच नाही. चार्जिंगच्या भोकात हेडफोन लावायची जोडणी मिळते म्हणून ती दोनशे रुपयांची आणली, गाणी ऐकू आली, पण एफएमचं ॲपच फोनात नाही. इंटरनेटवरचा रेडिओ आहे म्हणे. इंटरनेट असेल तेव्हा मला रेडिओ कशाला हवाय? केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं एप्रिल २०२३ मध्ये मोबाइल उत्पादकांना एफएम बंद ठेवू नका, आपत्तीच्या वेळी ते लागतं, असं सूचनापत्र काढलं होतं. मी फोन घेतला त्याच्या सहा-सात महिने आधी. माझ्या फोनपर्यंत ते पोचलेलं दिसत नाही. आता घरात पेन्सिल सेलवर चालणारा छोटा रेडिओ आणून ठेवलाय, पावसाळ्याआधी सेल बदलतो.

जुन्या फोनाचा टीव्हीसाठी रिमोट व्हायचा, तेही गेलं. पण टीव्हीचा खरा रिमोट सोफ्याखाली सापडला, म्हणून त्यावर बोलत नाही.

तुम्ही विचारलंय म्हणून एवढंच सांगतो की फोन घ्यायला जाताना जुना फोन हातात धरा आणि त्याच्या कडेनं बोट फिरवा. कुठे काय भोक आहे, कुठलं बटण आहे, दिवसातून काय-काय दाबता ते आठवा आणि ते एकेक नव्यात दाखवायला सांगा. मी उलटं केलं, नव्याचं कौतुक ऐकत बसलो.

जुना फोन विकला नाही. तडा गेलेल्या काचेसकट तो चार्जरला लावलेला असतो, छापखान्याचं सिम त्यातच आहे. फोन आला की आधी मीच सांगतो, 'मॅटर रेकॉर्ड करून घेऊ का? म्हणजे चूक होणार नाही.' आजवर दोघांनी नको म्हटलंय, त्यांचं वहीत लिहून घेतलं. ज्यांच्याकडे व्हॉट्सॲप आहे त्यांना म्हणतो, बोलूनच पाठवा, ते नव्या फोनवर येतं. त्यालाही लोक सरावलेत. परवा कुरुंदवाडच्या त्या जुन्या गिऱ्हाइकांनी पुतण्याचं मॅटर असंच पाठवलं. साडेसात मिनिटं. त्यात नावं तीन मिनिटांत संपली, पुढे साडेचार मिनिटं उसाचा दर होता.