मामेबहिणीचं वांद्र्याला एका जागी झालं, माझं वसईत दोन कोर्टांत का?

ती आमच्याकडे सल्ला विचारायला आली तेव्हा पिशवीतून आधी एक वही काढली. वही तिची नव्हती, बोरिवलीच्या मामेबहिणीची होती. वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयातल्या आपल्या घटस्फोटाच्या केसची प्रत्येक तारीख आणि त्या दिवशी काय घडलं ते त्या बहिणीने नीट लिहून ठेवलं होतं. नालासोपाऱ्याला माहेरी राहणारी ही मुलगी त्या वहीवरून आपली केस ताडून बघत होती आणि रात्र रात्र जागत होती.

"ताई, तिला सुरुवातीलाच समुपदेशक मॅडमनी बोलावलं. मला कुणीच नाही. तिचा घटस्फोट आणि पोटगी एकाच कोर्टात. माझा घटस्फोटाचा अर्ज वसईत लागलाय, आणि वकील म्हणतात पोटगीसाठी वेगळा अर्ज, वेगळं कोर्ट. मला फसवतायत का हो?"

हे आमच्याकडे सतत विचारलं जातं, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. तिला सांगितलं, वकील फसवत नाहीयेत. दहिसर ओलांडलं की मुंबईच्या कौटुंबिक न्यायालयाची हद्द संपते. कायदा दोघींना तोच, १९५५चा हिंदू विवाह कायदा. पण वांद्र्याचं न्यायालय १९८४च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याखाली चालतं. तिथे समुपदेशक कोर्टाच्याच नोकरीत असतात, वकील हा पक्षकाराचा हक्क नसून न्यायाधीशांच्या परवानगीने येतो आणि पोटगीही तिथेच मागता येते. वसईत तिचा घटस्फोटाचा अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे होता. तिचे वकील म्हणत होते तो पोटगीचा अर्ज दंड प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम १२५चा, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४चा, आणि या कलमाखालचा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. म्हणून दोन दारं. अपिलाची वाटही वेगळी, पण तिला त्याची आत्ता गरज नव्हती.

मग विचारलं, "तुम्ही दोघं शेवटचं एकत्र कुठे राहिलात?"

"कांदिवलीला."

म्हणजे वांद्रंही तिला बंद नव्हतं. नवरा-बायको शेवटचे जिथे एकत्र राहिले तिथे अर्ज करता येतो, आणि २००३च्या दुरुस्तीपासून बायकोला ती स्वतः राहते तिथेही करता येतो. वसईचा अर्ज कोर्टाच्या परवानगीने मागे घेऊन वांद्र्याला नव्याने करता येईल का, हे वकिलांना विचार म्हटलं. ती बोटांवर हिशेब करू लागली. मुलगा पहिलीत, शाळा साडेबाराला सुटते. सकाळच्या गर्दीत नालासोपाऱ्याहून चढायचं, वांद्र्याला उतरून बीकेसीतलं ते न्यायालय गाठायचं, आणि नंबर दुपारी लागला तर मुलाला आणणार कोण? "वसईच बरं," ती म्हणाली, पण चेहरा काही मोकळा होईना.

मी वही मागून घेतली. एक पान इतकं हाताळलेलं होतं की कडा मऊ पडल्या होत्या. त्यावर बहिणीने लिहिलं होतं: आज मॅडमनी त्याला गप्प बसवलं आणि मला पहिल्यांदा पूर्ण बोलू दिलं.

हिला हवं होतं ते हेच. दोन कोर्टांचा त्रास तिने सोसला असता. नवऱ्यासमोर कुणीतरी मध्ये बसावं आणि आपलं वाक्य पुरं व्हावं, एवढीच तिची ओढ होती. वकिलांची फी विचारायला येणाऱ्या कितीतरी बायकांच्या प्रश्नाखाली मला हे सापडतं, आणि ते कुणी ऐकून घेत नाही याचं फार वाईट वाटतं.

ते वसईतही मिळू शकतं. हिंदू विवाह कायद्याचं कलम २३ कुठल्याही न्यायाधीशाला शक्य असेल तिथे समेटाचा प्रयत्न करायला सांगतं, आणि केस मध्यस्थीला पाठवता येते. फक्त तिथे बोलावणं आपोआप येईलच असं नाही, आपण मागावं लागतं. आम्ही मिळून चार ओळींचा मजकूर केला, वकिलांनी त्याचा अर्ज केला. मध्यस्थीत बोललेलं पुढे पुरावा म्हणून वापरत नाहीत, हे कळल्यावर तिचा धीर वाढला.

मध्यस्थांपुढे ती वीसेक मिनिटं बोलली. घटस्फोटाला नवरा तयार झाला नाही, केस चालू आहे. मुलाच्या शाळेची फी भरायचं मात्र त्याने लिहून दिलं. पोटगीचा अर्ज तिने पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या कोर्टात लावला. या वेळी वकिलांना प्रश्न तिने स्वतः विचारले.