एकादशीला धरा, द्वादशीला खा

प्रश्न : मी तीन वर्षं पवना आणि मुळशीच्या पाण्यात कयाकवरून गळ टाकतोय. कटला, रोहू मिळतात, एकदा बऱ्यापैकी मरळही लागली. आता डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बायको आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन पाच दिवस मालवणकडे जायचं म्हणतोय. माझी कयाक हवा भरायची आहे, डिकीत मावते. खाऱ्या पाण्यात कधी वल्हवलेलं नाही. एक तरी तांबोशी स्वतःच्या हाताने काढायची आहे. कुठून उतरू? कोणती रॉड, कोणते ल्यूर (नकली आमिषं) नेऊ? सुरमईसाठी किती आत जावं लागेल?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : तुमच्या मूळ पत्रात अकरा प्रश्न होते, जागेअभावी इथे चारच घेतलेत. त्या अकरांपैकी नऊ सामानाचे. भरती-ओहोटी हा शब्द मात्र अख्ख्या पत्रात नाही. रागावून म्हणत नाही, धरणावर शिकलेल्या माणसाचं असंच होतं. पवनेचं पाणी सकाळी असतं तिथेच संध्याकाळी असतं. मीही पनवेलजवळच्या तळ्यांवर शिकून थेट मालवणजवळच्या देवबागला गेलो होतो.

पंधराएक वर्षं झाली. सकाळी नऊ वाजता कर्ली खाडीच्या बाजूने पाण्यात उतरलो. वल्हं नुसतं टेकवलं तरी कयाक धावत होती. मला वाटलं, आज काय हात बसलाय! हात कसला बसतोय? खालून ओहोटीचं पाणी ओढत होतं आणि पाठीवर मतलई वारा होता, जमिनीकडून समुद्राकडे जाणारा. थंडीत तिथे सकाळी तो असतोच. दोघांनी मिळून मला खाडीच्या मुखावर नेऊन सोडलं. तिथे वाळूचा दांडा आहे. बाहेर पडणारं पाणी आणि आत येणाऱ्या लाटा त्याच्यावर समोरासमोर भिडतात, आणि लांबून सपाट दिसलेलं पाणी जवळ गेल्यावर उभं राहिलेलं असतं. पहिल्या लाटेला चष्मा गेला, दुसरीला रॉड, तिसरीला मी. लाइफ जॅकेट अंगात होतं म्हणून आज हे सदर लिहितोय. जाळी काढून परतणाऱ्या एका होडीवाल्याने मला काखेत धरून वर ओढलं, कयाक मागे बांधली आणि पहिला प्रश्न विचारला, "भरती कितक्याक होती आज?" मला वेळ सांगता आली नाही. मग किनाऱ्याला लागेपर्यंत त्याने बोटांवर जो हिशेब शिकवला, तोच तुम्हाला देतो.

तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची वेळ, सकाळची आणि रात्रीची दोन्ही. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब मुंबईच्या बाजूला चपखल बसतो. मालवणकडे भरती तासभर आधी येते, तेवढा वजा करा. भरतीचं कोष्टक मोबाइलवर मिळतं, ते बघाच. पण पाण्यात मोबाइल बंद पडतो, तिथी पडत नाही.

दुसरी गोष्ट जोराची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमी-नवमीच्या आसपास भांग. भांगाला पाणी कमी चढतं, कमी उतरतं, म्हणून ओढही कमी. मालवणला उधाणाचं पाणीसुद्धा मुंबईच्या निम्म्यानेच चढतं, पण अरुंद मुखातून तेवढंही पहिल्यांदा येणाऱ्याला पुरून उरतं.

म्हणून सुट्टी कॅलेंडर बघून नको, पंचांग बघून घ्या. डिसेंबरचा शेवटचा आठवडा तर तसाही सोडा. तारकर्ली-देवबागला तेव्हा जेट-स्की आणि बनाना राइडचा असा गोंधळ असतो की मासा काय, देवमासाही पळेल. जानेवारीतली दशमी, एकादशी, द्वादशी धरा, पक्ष कुठलाही चालेल. द्वादशीचं गणित बघा: बारा पाऊण नऊ, वजा एक, म्हणजे आठ. साडेसहाला फटफटताना निघायचं, चढत्या पाण्याबरोबर खाडीत वर जायचं. आठ-साडेआठला पाणी थबकतं, तेव्हा कांदळवनाच्या कडेने गळ टाकायचा. मग उतरतं पाणी तुम्हाला आपसूक घरी आणतं आणि दहाच्या आत तुम्ही घावन-चटणीवर. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो, तेव्हा पाण्यावर असायचं काही कारण नाही. परतताना मात्र एक मोठी खूण आधीच ठरवून ठेवा, एखादा वाकडा माड किंवा धक्का. त्याच्या खाली, मुखाच्या दिशेने, जायचं नाही. काठ सोडून मधोमध वल्हवायचंही नाही. काठाला ओढ कमी असते.

एकादशी या कामाला उत्तम पडते ही आमच्या घरातली जुनी अडचण आहे. आई म्हणायची, धरायला हरकत नाही, बर्फात ठेव.

आता कयाक. हवेची नेऊ नका. खाडीतल्या प्रत्येक दगडावर, मुळावर आणि खांबावर कालवं, म्हणजे चिकटलेले शिंपले असतात, ब्लेडसारखे. शिवाय ती हलकी असल्याने वारा तिला पानासारखी फिरवतो. तिथे वर बसायच्या कडक प्लॅस्टिकच्या कयाक भाड्याने मिळतात, त्यांना रॉड ठेवायची सोय नसते एवढंच. बाजूला पाइपचा तुकडा दोरीने बांधला की झालं. पहिल्या दिवशी रॉड खोलीतच ठेवा. कमरेएवढ्या पाण्यात कयाक मुद्दाम उलटवा आणि पुन्हा वर चढा, दहा वेळा. मग ओहोटीला काठावर बसून बघा, दांडे कुठे उघडे पडतात, कुठल्या मुळांखाली पाणी खोल राहतं, जाळी कुठे लागतात. तुमचा मासा याच पाहणीतून निघेल. तुमच्या त्या नऊ प्रश्नांचं बरंचसं उत्तरही.

कारण तांबोशी उघड्यावर हिंडत नाही. ती कांदळाच्या मुळांत, पुलाच्या खांबाआड, बुडालेल्या ओंडक्याखाली दबा धरून बसते आणि समोरून वाहत आलेलं लहान मासळं झडप घालून पुन्हा आत नेते. लागली की तुमच्याकडे दोन सेकंद असतात. रोहूसारखं खेळवत बसलात तर ती मुळांत शिरते, दोरी कालवांवर घासते आणि संपलं. ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, घट्ट, तीस पौंडाची ब्रेडेड (विणलेली) दोरी, पुढे हातभर जाड नायलॉन. ल्यूर चार पुरे: दोन रबरी, दोन बुडणारे. नाहीतर सरळ जिवंत कोळंबी. गावातली पोरं तिच्यावरच गरवतात आणि आपल्यापेक्षा जास्त काढतात.

तांबोशी नाही मिळाली तर काळुंदर मिळेल, नशीब असेल तर चोणक, म्हणजे रायगडचा जिताडा. शिंगाळा लागला तर हात लावू नका. पाठीवरचा आणि बाजूचे काटे विषारी असतात. पकडीने गरी सोडवा. उथळ पाण्यात उतरताना पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चाला, म्हणजे तळाशी पडलेली पाकट, शेपटीत काटा असणारा चपटा मासा, आधीच निघून जाते. टम्म फुगणारा केंड आला तर मुलीला दाखवा आणि सोडून द्या, कुणी काहीही सांगो, खायचा नाही.

सुरमई यंदा विसरा. ज्याने मुखावरचं पाणी अजून पाहिलेलं नाही त्याने दांड्याबाहेर जायचं नाही. फारच वाटलं तर शेवटच्या दिवशी तिथल्या होडीवाल्याला पैसे देऊन त्याच्या होडीतून जा. आदल्या रात्री 'इन्कॉइस' या हैदराबादच्या संस्थेचा लाटांचा अंदाज बघा. वारा नसतानाही दुरून आलेल्या मोठ्या लाटा किनाऱ्यावर फुटू शकतात. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटर. किल्ल्याजवळच्या गाभ्यात मासेमारी नाही, गळानेसुद्धा नाही. ज्यांच्याकडे उतराल त्यांना रोज निघायची आणि परतायची वेळ सांगून ठेवा. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर मोबाइलमध्ये नको, कयाकवरच मार्करने लिहा, वर का ते सांगितलंच.

पाण्यावर तरंगणाऱ्या रिकाम्या बाटल्या कचरा नसतात, खाली कुणाचं तरी जाळं असतं. त्यात गरी अडकली तर आपली दोरी कापायची. जाळं ओढायचं नाही. आणि सकाळी पुळणीवर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर बायको-मुलीला घेऊन जा, दोर धरा. मला एकदा त्या मेहनतीचे सहा बांगडे मिळाले होते, कयाकवरच्या चार दिवसांपेक्षा जास्त.

रॉडचं म्हणाल तर आहे तीच न्या, सात फुटी मध्यम चालते. फक्त रोज संध्याकाळी रीलवर गोड्या पाण्याचा तांब्या ओता. पाचव्या दिवशी ती फिरायची थांबली, तर त्याला तिथी जबाबदार नाही.